लहान ट्रॅक्टर : नवा घ्यावा कीं जुना?

ठाणें शहरांतील वर्तकनगर ही मूळची गृहनिर्माण मंडळाची वसाहत. जुन्या बैठ्या इमारतींच्या जागीं तेथें आतां उंच मनोरे उभे राहत आहेत. परंतु त्या मनोऱ्यांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचा एक पाय अजून गांवच्या बांधावर आहे. कोणाचीं मुरबाडकडे भाताचीं खाचरें आहेत, कोणाचें शहापूरकडे वडिलार्जित वरकस आहे. १९४८ च्या कूळकायद्यामुळें महाराष्ट्रांत शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहसा विकत घेतां येत नाहीं. म्हणून ज्याच्या नांवाचा सातबारा आहे तो ती जमीन सहजीं सोडीत नाहीं. बैलजोडी ठेवावी तर तिला रोज वैरणपाणी करणारा माणूस गांवीं उरलेला नाहीं. मग घरांत एके दिवशीं लहान ट्रॅक्टराची गोष्ट निघते, आणि लगेच दोन पक्ष पडतात. मुलगा म्हणतो नवा घ्यावा. वडील म्हणतात, चार तासांच्या कामासाठीं एवढा पैसा कशाला, एखादा चालता जुना पाहावा.

दोघांचेंही म्हणणें किंमतीवरून चाललेलें असतें. वास्तविक पाहतां किंमत हा ह्या प्रश्नाचा शेवटचा भाग आहे. पहिला प्रश्न असा कीं, हें यंत्र वर्षांतून किती तास चालणार? आणि दुसरा, तें बंद पडेल त्या दिवशीं त्याला कोण हात लावणार?

लहान ट्रॅक्टरच कां, हें कोंकणपट्टींतल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. येथील खाचरें गुंठ्या-गुंठ्यांचीं, बांधांनीं तोडलेलीं. पन्नास अश्वशक्तीचा, दोन टनांचा ट्रॅक्टर त्यांत शिरला तर वळतांना बांध फोडतो, आणि खाचराच्या तळाशीं पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिखलणीनें झालेला जो घट्ट थर पाणी धरून ठेवतो तोच भेदून खालीं रुततो. म्हणून पंधरा ते तीस अश्वशक्तीचीं यंत्रें येथें योग्य. महिंद्र कंपनीचा १५ अश्वशक्तीचा युवराज, बंगलोरच्या व्ही.एस.टी. कंपनीचा साडेअठरा अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला २४ अश्वशक्तीचा जिवो, जपानी कुबोटाचे लहान नमुने, हीं त्यांतलीं परिचित नांवें. चिखलांत चारही चाकांचा जोर फार उपयोगीं पडतो. मात्र पुढच्या आंसाची यंत्ररचना त्यामुळें वाढते, आणि जुना घेतांना तपासावयाची एक जागाही वाढते.

आतां तासांचा हिशेब. तीन एकर भाताची चिखलणी दहा-बारा तासांत उरकते. उन्हाळी नांगरट, रब्बीची भाजी, थोडी वाहतूक धरली तरी वर्षाला ८० तास म्हणजे उदार अंदाज झाला. समजा, नवा ट्रॅक्टर ५,००,००० रुपयांस घेतला आणि दहा वर्षांनीं १,७५,००० रुपयांस विकला. दरवर्षीं घट ३२,५०० रुपये. अडकलेल्या सरासरी रकमेवर शेंकडा ९ प्रमाणें व्याज सुमारें ३०,०००. विमा आणि देखभाल १०,०००. बेरीज ७२,५००, म्हणजे ८० तासांवर वांटतां तासाला सुमारें ९०० रुपये, डिझेल निराळें. उलट जुना समजा २,२५,००० रुपयांस घेतला, आरंभींच टायर, सील आणि क्लच ह्यांवर ४०,००० खर्च केले, आणि सहा वर्षांनीं त्याचे १,००,००० आले. घट दरवर्षीं २७,५००, व्याज सुमारें १५,०००, दुरुस्ती व विमा २५,०००. बेरीज ६७,५००, तासाला सुमारें ८४० रुपये. अर्ध्याहून कमी किंमतींत घेतलेल्या यंत्रानें तासामागें वांचविले ते अवघे साठ रुपये! आणि हें यंत्र चांगलें निघालें तर.

तेंच काम वर्षाला ३०० तासांचें असलें तर चित्र उलटतें. नव्याची देखभाल २५,००० वर गेली तरी तासाचा खर्च सुमारें २९० रुपयांवर उतरतो. जुन्याची दुरुस्ती मात्र ६०,००० वर जाते आणि तासाला ३४० पडतात. म्हणजे ज्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं कामें भाड्यानें करावयाचीं आहेत त्यानें नवा घ्यावा. फक्त आपल्या तीन एकरांपुरतें पाहणाऱ्यास पैशाच्या दृष्टीनें दोहोंत फारसा फरक नाहीं. हे आंकडे गृहीत आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून ते पुनः मांडावे. मांडणी मात्र हीच ठेवावी.

ह्या हिशेबांतून एक अप्रिय गोष्टही बाहेर पडते. गांवांत डिझेल व चालकासह तासाला १,००० रुपये भाड्यानें ट्रॅक्टर मिळत असेल, तर ८० तासांच्या धन्यास स्वतःचा ट्रॅक्टर, नवा असो वा जुना, डिझेल धरून त्याहून महागच पडतो. मग कोणी घेऊंच नये काय? तसें नाहीं. भाताची लावणी पंचांगावर नव्हे, पावसावर चालते. रोपें तयार झालीं, खाचरें भरलीं कीं त्याच आठवड्यांत सगळ्या गांवाला एकच ट्रॅक्टर हवा असतो. आणि ज्याचा धनी ठाण्यास राहतो त्याचा नंबर अर्थात् शेवटचा लागतो. दहा-बारा दिवस उशीर झाला कीं रोप वयांत येऊन पोंचट होतें व पुढें फुटवे कमी धरतें. मालकीचा ट्रॅक्टर घेणारा मनुष्य खरोखर हा आठवडा विकत घेत असतो. म्हणून जो जुना ट्रॅक्टर ऐन आषाढांत चार दिवस मिस्त्रीची वाट पाहत उभा राहील, तो स्वस्त मिळूनही फुकट गेला.

नव्याच्या बाजूनें अलीकडे एक गोष्ट घडली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर आला. त्याच्या टायरांवरील व सुट्या भागांवरीलही १८ वरून ५ वर उतरला. साडेचार लाख मूळ किंमतीच्या ट्रॅक्टरवर हा फरक ३१,५०० रुपयांचा होतो. जुन्याचा सौदा करणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. नव्याची किंमत उतरली असतां जुन्याचा धनी आपला पूर्वींचाच भाव सांगत असेल तर तो मान्य करण्याचें कारण नाहीं. शिवाय यांत्रिकीकरणाच्या सरकारी योजनेंतील अनुदान नव्या यंत्रासच मिळतें. त्यासाठीं महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, आणि पूर्वसंमतीचें पत्र हातीं येण्याच्या आधीं खरेदी केली तर अनुदानाचा हक्क जातो. ह्या एका घाईपायीं लाभ घालवून बसूं नये.

आतां जुन्याकडे वळूं. मुरबाड तालुक्यांत म्हसें येथें पौषांत जी यात्रा भरते तिचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. तेथें बैल घेणारा शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि विकणाऱ्याच्या बोलण्याकडे फारसें लक्ष देत नाहीं. तोच मनुष्य ट्रॅक्टर घेतांना मात्र ताज्या रंगाला भुलतो, हें आश्चर्य आहे. जुन्या ट्रॅक्टरवरचा कोरा रंग हा गुण नव्हे, प्रश्न आहे.

सर्वांत आधीं तो पूर्वीं कोणतें काम करीत होता हें विचारावें. कसारा घाटापलीकडून आलेला लहान ट्रॅक्टर बहुधा द्राक्षबागेंतला. तेथें हंगामांत वारंवार औषधफवारणी चालते. ट्रॅक्टर चढावर ओढला गेलेला नसतो, पण मागचा फिरता दांडा, ज्यास पी.टी.ओ. म्हणतात, तो अतोनात फिरलेला असतो आणि औषधांच्या तुषारांनीं पत्रा व तारांचे सांधे खाल्लेले असतात. भिवंडी-कल्याणकडचा असेल तर वीटभट्टीवर किंवा पाण्याच्या टांकीला जुंपलेला असण्याचा संभव. त्याचे ब्रेक, क्लच आणि मागच्या आंकड्याचें भोंक पाहावें. तें भोंक लांबट झालें असेल तर त्यानें जन्मभर ओझें ओढलें आहे, तासांचें घड्याळ कांहींही सांगो. घड्याळ बंद पडतें, बदलतांही येतें. पायटा गुळगुळीत झालेला मात्र लपत नाहीं. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. त्यावरून टायर मूळचे कीं बदललेले हें कळतें.

भातशेतींतल्या ट्रॅक्टरची खरी परीक्षा तेलांत आहे. चिखलणीच्या वेळीं आंस तासन्‌तास गढूळ पाण्यांत बुडालेला असतो. सील झिजलें कीं पाणी आंत शिरतें आणि तेलाचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा होतो. म्हणून इंजिनाचें तेल पाहून थांबूं नये. गिअरपेटीचें आणि चार चाकांच्या जोराचा ट्रॅक्टर असल्यास पुढच्या आंसाचेंही बूच सैल करून तेल बोटावर घ्यावें. विकणारा नको म्हणाला तर तेथूनच परतावें.

इंजिन सकाळीं थंड असतांनाच सुरू करावयास सांगावें. आपण पोंचण्यापूर्वींच तें तापवून ठेवलेलें आढळलें तर दुसऱ्या दिवशीं पुनः जावें. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे. काळा धूर सतत राहिला तर हवेची गाळणी किंवा इंधनाचा पंप बिघडला आहे. पांढरा धूर थंडींत क्षणभर चालेल, पुढेंही राहिला तर नाहीं. रोटाव्हेटर उचलून धरून इंजिन बंद करावें आणि दहा मिनिटें गप्पा माराव्या. तेवढ्यांत तो जमिनीवर टेकला तर हायड्रॉलिक झिजलें आहे. मग चढावर वरच्या गिअरमध्यें चालवावा. इंजिन ओरडतें पण वेग वाढत नाहीं, असें झालें तर क्लचप्लेट संपली. ह्या परीक्षेस गांवचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री मात्र नको.

पी.टी.ओ.च्या दांड्यावर झांकण आहे कीं नाहीं हें मुद्दाम पाहावें. जुन्या ट्रॅक्टरांवर तें बहुधा काढून टाकलेलें असतें. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचें टोंक किंवा सदऱ्याची बाही त्यांत सांपडली तर ओरडण्यासही अवधि मिळत नाहीं. झांकण नसेल तर तें बसविल्याशिवाय ट्रॅक्टर कामास जुंपूं नये.

दिसावयास उत्तम असलेल्या यंत्राचा घात कधींकधीं त्याच्या कंपनीमुळें होतो. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला. पुण्याच्या फोर्स मोटर्सनें मार्च २०२४ अखेर ट्रॅक्टराचा धंदा सोडला. तिचे बागाइती कामाचे लहान ट्रॅक्टर अजून रानांत चालतात आणि चांगले चालतात. असा ट्रॅक्टर घेऊंच नये असें नाहीं. पण सौदा ठरविण्यापूर्वीं कल्याण किंवा नाशिकच्या बाजारांत त्याची क्लचप्लेट, सील आणि गाळण्या मिळतात काय हें स्वतः विचारून यावें.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत. नोंदणीपुस्तकांतील इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरल्याचा दाखला हातीं आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊं नये. दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दींतला असल्यास तेथील ना-हरकत दाखला लागतो. नोंदणीस पंधरा वर्षें होत आलीं असतील तर नूतनीकरणाचा खर्च किंमतींतून वजा धरावा. अनुदानांतून घेतलेला ट्रॅक्टर असेल तर विक्रीला कांहीं मुदतबंदी आहे काय, तेंही विचारावें. नांवावर न केलेला ट्रॅक्टर राखणदाराच्या हातून रस्त्यावर कोणास लागला, तर पुढचा त्रास दोन्ही धन्यांना होतो.

शनिवार-रविवारीं गांवीं जाणाऱ्याचा ट्रॅक्टर कामानें झिजत नाहीं, उभ्या-उभ्या खराब होतो. बॅटरी उतरते, डिझेलच्या टांकींत ओलावा जमतो, उंदीर तारा कुरतडतात. नव्या ट्रॅक्टराची हमी ठराविक तासांनंतर अथवा ठराविक महिन्यांनंतर विक्रेत्याकडून देखभाल करून घेतली तरच टिकते. तास भरले नाहींत म्हणून महिने विसरणारे पुष्कळ आहेत. छप्पर, पंधरवड्यांतून एकदां अर्धा तास चालविणें, आणि टांकी भरलेली ठेवणें, एवढें करणारा राखणदार गांवीं नसेल तर भाड्याचा ट्रॅक्टरच बरा.

जुना घ्यावयाचा ठरलाच तर तो दिवाळी ते माघ ह्या काळांत पाहावा. भाताची कापणी झालेली असते, विकणाऱ्यास पैशाची गरज असते, आणि घेणाऱ्यास घाई नसते. मिस्त्रीनें सांगितलेलीं सीलें व टायर फाल्गुनापर्यंत बदलून घ्यावीं, चैत्रांत कोरड्या जमिनींत रोटाव्हेटर लावून दोन दिवस सलग चालवावा, म्हणजे जें तुटावयाचें तें मृगाच्या आधीं तुटेल आणि दुरुस्तीस दोन महिने हातीं राहतील.