‘ती मजेत आहे हो!’ पण हे सांगतंय कोण?

समजा, तुमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक ताई राहते. वय तिशीच्या आसपास, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर. बोलणं अडखळत, पण लिफ्टपाशी भेटली की छान हसायची. गेले दोन महिने ती दिसलेलीच नाही. मधूनच दाराआडून कुणाचा तरी चढलेला आवाज येतो. परवा ती अचानक दिसली. बारीक झालेली, केस कसेतरी कापलेले. तुम्ही तिलाच विचारलंत, ‘कशी आहेस गं?’ उत्तर दिलं वहिनीनं, ‘ती मजेत आहे हो!’ तेवढ्यात लिफ्ट आली, खाली कॅबवाला हॉर्न मारतोय, विषय संपला.

आता दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर तुम्ही म्हणाल, ‘जाऊ दे, घरचा मामला.’ किंवा संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर वहिनी व्हिलन ठरलेली असेल. दोन्हीकडे घाई आहे आणि दोन्हीकडे ताईला कुणी काही विचारलेलंच नाही. तिला विचारायचं, ते नीट विचारायचं आणि आलेलं उत्तर तपासायचं, हे एक शिकून घेतलेलं काम आहे. ते सोशल वर्करचं.

तीन प्रश्नांनी सुरुवात

या कामाची सगळ्यात आखीव पद्धत इंग्लंडमध्ये पाहायला मिळते. तिथे २०१४चा ‘केअर अॅक्ट’ एप्रिल २०१५पासून लागू झाला. त्याच्या ४२व्या कलमानं स्थानिक पालिकेवर चौकशीची जबाबदारीच टाकली. त्यासाठी पुरावा हातात असण्याची गरज नाही, रास्त शंका पुरते. पाहायचं ते इतकंच : या प्रौढ व्यक्तीला देखभालीची गरज आहे का? तिचा छळ किंवा हेळसांड होतेय, किंवा तसा धोका आहे का? आणि त्या गरजेमुळेच तिला स्वतःचा बचाव करता येत नाहीये का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ वाटलं, तर चौकशी करावीच लागते.

छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. तिथल्या सरकारी मार्गदर्शिकेत दहा प्रकार दिलेत. त्यात पैसे लाटणं आहे, घालूनपाडून बोलणं आहे, लैंगिक अत्याचार आहेत, औषध-पाणी वेळेवर न देणं आहे. संस्थेच्या कारभारातूनच होणारा छळही आहे. व्हीलचेअर हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवून देणं, ऐकू येण्याचं मशिन काढून घेणं... यात आवाज होत नाही, वळ उठत नाही. पण माणूस जागच्या जागी कैद होतो.

दारापासूनच निरीक्षण सुरू

सोशल वर्कर घरी पोहोचते तेव्हा पहिला विचार एकच असतो : आत्ता, या क्षणी जीवाला धोका आहे का? असेल तर पोलिस आणि डॉक्टर आधी, बाकी सगळं नंतर.

तसा धोका नसेल तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या व्यक्तीशी एकटीनं बोलणं. ज्याच्याविषयी शंका आहे तोच शेजारी बसून ‘तिला काय म्हणायचंय ते मी सांगतो’ म्हणत असेल, तर ती मुलाखत झालीच नाही. खाणाखुणांची भाषा लागत असेल तर दुभाषी घरातला नको. बोलता येत नसेल तर चित्रांची कार्डं, अक्षरांचा बोर्ड, मोबाईल, नुसती मानेची हालचाल, जे चालेल ते. वेळ लागतो. एका भेटीत भागलं नाही तर दुसरी.

प्रश्नही मोकळे हवेत. ‘दादानं मारलं ना?’ असं विचारलं की समोरचा माणूस आपल्याला खूश करायला ‘हो’ म्हणू शकतो किंवा घाबरून ‘नाही’. त्यापेक्षा ‘कालचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांग’ हे बरं. आंघोळ कोण घालतं, जेवण कधी मिळतं, दाराला कडी कोण लावतं, हे त्यातून आपोआप येतं. आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. आपल्या छान शुद्ध भाषेत नव्हे!

वळ बोलतात, पण अर्धवट

पडल्यावर सहसा हाडावर लागतं. कपाळ, कोपर, गुडघा, नडगी. वळ दंडाच्या आतल्या बाजूला, कानामागे किंवा पाठीवर असतील, डाग बोटांच्या आकाराचे असतील, मनगटाभोवती गोल खूण असेल, तर विचारावं लागतं. मुख्य म्हणजे सांगितलेली गोष्ट जुळते का? ज्याला उठून उभंही राहता येत नाही, तो जिन्यावरून पडला कसा?

पण इथेही घाई नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी साध्या धक्क्यानं काळंनिळं होतं. फिट आल्यावर लागू शकतं, खुर्चीचा पट्टाही वळ उठवतो. निळा म्हणजे कालचा, पिवळा म्हणजे गेल्या आठवड्यातला, अशी रंगावरून तारीख ठरवणंही भरवशाचं नाही. म्हणून डॉक्टरची तपासणी, आधीची केसपेपरं, वजनाच्या नोंदी, बेडसोर आहेत का, हे सगळं एकत्र ठेवूनच चित्र तयार होतं.

दुसरा सापळा म्हणजे, ‘त्याचं असंच असतं, ऑटिझम आहे ना!’ कालपर्यंत शांत असलेला मुलगा एका ठराविक माणसाला पाहून किंचाळायला लागला, तर ते अपंगत्वाच्या खाती टाकून मोकळं होणं सोपं असतं. ब्रिस्टलजवळच्या ‘विंटरबोर्न व्ह्यू’ या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेली माणसं ठेवली जात. तिथल्या एका अनुभवी नर्सनं छळाच्या तक्रारी करूनही कुणी दाद दिली नाही. शेवटी २०११मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’नं छुप्या कॅमेऱ्यानं तो छळ दाखवला. २०१२मध्ये ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यातले सहा तुरुंगात गेले. शंका घेणारा माणूस आत होता. त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं.

पैसा कुठे जातो?

मारहाणीपेक्षा हे शोधणं सोपं असतं, कारण कागद मागे राहतो. पेन्शन किंवा ‘संजय गांधी निराधार’चं अनुदान कुणाच्या हातात पडतं? एटीएम कार्ड कुणाकडे? खात्यातून पैसे निघतात, पण ताईच्या पायात धड चप्पल नाही, असं का? वडिलांच्या पश्चात एखाद्या हक्कसोडपत्रावर तिची सही किंवा अंगठा घेतलाय का, आणि ते काय आहे हे तिला कुणी समजावलं होतं का?

‘नको’ म्हणाली, मग?

आणि आता सगळ्यात अवघड भाग. सगळं पाहून झाल्यावर ती म्हणाली, ‘मला इथेच राहायचंय, तुम्ही जा,’ तर?

ऐकायचं, हे पहिलं उत्तर. इंग्लंडचा २००५चा ‘मेंटल कपॅसिटी अॅक्ट’ सांगतो की प्रत्येक प्रौढ व्यक्ती निर्णय घ्यायला सक्षम आहे असंच धरून चाला. निर्णय आपल्याला वेडेपणाचा वाटला म्हणून ती अक्षम ठरत नाही. शिवाय क्षमता प्रत्येक प्रश्नापुरती तपासायची. कुणाला कर्जाचे कागद कळणार नाहीत, पण कुणासोबत राहायचं हे पक्कं कळत असेल.

न ऐकल्यानं काय होतं, हे पुण्याला माहीत आहे. फेब्रुवारी १९९४मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुली आणि महिलांची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखणं त्यांना जमत नाही! सोय कुणाची होती आणि शरीर कुणाचं, यावर देशभर आवाज उठला. पुढे २००९मध्ये चंडीगडच्या सरकारी संस्थेतल्या अशाच एका तरुणीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. संस्थेतच बलात्कार होऊन ती गरोदर राहिली होती. उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मात्र मूल हवं होतं. सौम्य बौद्धिक अक्षमता असली तरी तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं.

पण नुसतं ऐकणंही पुरत नाही. कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेल गावात स्टीव्हन हॉस्किन नावाचा, बौद्धिक अक्षमता असलेला माणूस एकटा राहायचा. २००५मध्ये त्यानं सोशल सर्व्हिसेसची मदत नको म्हणून सांगितलं. त्याची मर्जी, असं मानून खात्यानं भेटी थांबवल्या. त्याच्या खोलीत मात्र ‘मित्र’ म्हणवणारी टोळी घुसली होती. ते त्याचे पैसे घेत, त्याला राबवत, छळत. जुलै २००६मध्ये त्यांनी त्याचा खून केला. नंतरच्या अधिकृत चौकशीत हाच मुद्दा पुढे आला : तो ‘नको’ म्हणाला, पण ते दबावाखाली होतं का, हे कुणी पाहिलंच नाही.

म्हणून सोशल वर्करचा खरा प्रश्न दुहेरी असतो. तिला काय हवंय? आणि ते सांगायला ती मोकळी आहे का? दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत पहिल्यावर फाईल बंद करायची नसते.

आणि वहिनी?

तिच्याशीही बोलायचं असतं, आणि आरोपीसारखं नव्हे. रात्रीतून तीनदा उठून कूस बदलून देणारी, वर्षानुवर्षं एकही सुट्टी न घेतलेली बाई एखाद्या दिवशी ओरडते. म्हणून उपाशी ठेवणं माफ होत नाही. पण हे थकव्यातून होतंय, अज्ञानातून की जाणूनबुजून, यावर पुढचा मार्ग ठरतो. एका घरात दिवसाचं डे-केअर आणि आठवड्यातून चार दिवस ब्युरोची बाई आली की चित्र पालटतं. दुसऱ्या घरात पोलिसांशिवाय इलाज नसतो. तिला तिथून हलवणं हा शेवटचा उपाय. तो तिला विचारूनच.

आपल्याकडे काय?

इंग्लंडसारखा प्रौढांच्या संरक्षणाचा खास विभाग आपल्या पालिकांमध्ये नाही. कायदा मात्र दमदार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६मध्ये आला आणि एप्रिल २०१७पासून लागू झाला. त्याच्या ७व्या कलमानुसार अशा छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतं. म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदार किंवा प्रांताला. तुम्ही नातेवाईक असायची गरज नाही. छळ झालेलाच हवा असंही नाही, होण्याची शक्यता पुरते. दंडाधिकारी सुटकेचा, पोटगीचा आदेश देऊ शकतात. संरक्षणात ठेवण्याचाही देऊ शकतात, पण त्या व्यक्तीची इच्छा असेल तरच. हे शब्द कायद्यातच आहेत!

ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्यानं मुद्दाम अन्न-पाणी तोडलं, तर ९२व्या कलमाखाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया १०व्या कलमानं बंद केलीय. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९चा. त्याखाली नेमलेला पालकच छळत असेल, तर आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे त्याला काढून टाकण्याची मागणी करू शकते. आणि सोशल वर्कर पोलिसांसोबत बसून काम करू शकते, हे मुंबईनं १९८४मध्येच दाखवलं. ‘टिस’नं पोलिसांसोबत महिलांसाठी सुरू केलेला स्पेशल सेल तो हाच.

शंका आली तर...

• थेट त्या व्यक्तीशी बोला. उत्तर दुसऱ्यानं दिलं तर पुन्हा तिलाच विचारा.
• पाहिलं-ऐकलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा. अंदाज वेगळा, पाहिलेलं वेगळं.
• स्वतः उलटतपासणी घेऊ नका, घरच्यांना जाब विचारू नका. तुम्ही निघून जाल, ती तिथेच राहणार आहे.
• फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबातच नको.
• जीवाला धोका वाटला तर ११२. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.
• कलम ७चा अर्ज एका पानात होतो. कुणाचा छळ, कुठे, तुम्हाला काय दिसलं, कधी. शनिवारची एक सकाळ पुरे.