‘हवा मानवत नाही’ : दमट प्रदेश आणि टर्बो-इंजिन

सोलापूर-पुणे महामार्गावर केगावचे विद्यापीठ मागे टाकल्यावर काही अंतराने चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. इंजिनाचे कॅमशाफ्ट घडविणाऱ्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचा एक कारखाना येथे आहे. बालाजी अमाइन्ससारखा रसायनांचा कारखानाही आहे. अशा वसाहतींतील किरकोळ माल आणि जिल्ह्यातील डाळिंबे, चादरी, टॉवेल ज्या लहान मालगाड्यांतून बाहेर जातात, त्यांना सर्वत्र ‘पिकअप’ हे एकच नाव आहे. गंमत अशी, की इंजिनाच्या वेग घेण्याच्या शक्तीलाही मराठीत ‘पिकअप’च म्हणतात, त्यामुळे ‘पिकअपला पिकअप नाही’ हे वाक्य चालकाच्या तोंडी पूर्णपणे अर्थवाही ठरते. हे वाक्य विशेषेकरून ऐकू येते ते कोकणाच्या खेपेनंतर. कोल्हापूरवरून आंबा घाटाने रत्नागिरीस गेलेली गाडी परतली, की ‘टर्बोला तिकडची हवा मानवत नाही’ असा निर्वाळा दिला जातो, आणि पुष्कळदा त्या निर्वाळ्याच्या आधारावरच टर्बो बदलण्याचा खर्च अंगावर घेतला जातो. हप्त्यांवर गाडी घेतलेल्या मालकाच्या दृष्टीने हा खर्च लहान नव्हे. म्हणून हा निर्वाळा कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘मानवणे’ हे क्रियापद वस्तुतः माणसाच्या प्रकृतीचे. एखाद्या गावचे हवापाणी मानवते किंवा मानवत नाही, असे आपण म्हणतो. ‘हवापाणी’ हा समाहार द्वंद्व समास आहे. हवा आणि पाणी ही दोन निराळी द्रव्ये त्यात एकजीव होऊन ‘प्रदेशाची प्रकृती’ असा तिसराच अर्थ निष्पन्न होतो. माणसाच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. इंजिनाच्या बाबतीत मात्र या समासाचा विग्रह केल्यावाचून गत्यंतर नाही, कारण दमट हवेतील वाफ ही एक गोष्ट आणि साक्षात पाणी ही दुसरी.

प्रथम हवेचा विचार करू. टर्बोचार्जरची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंटरूपाने मांडली. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची, एवढेच तिचे मर्म आहे. हवा जितकी दाट, तितका तिच्यात प्राणवायू अधिक. आणि प्राणवायू जितका अधिक, तितके अधिक डिझेल जाळता येते. दमट हवेवरचा आक्षेप असा, की वाफ प्राणवायूची जागा अडविते. आक्षेप खोटा नाही. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. २८ अंश सेल्सिअस तापमानाला हवा ९० टक्के आर्द्र असली, तरी वाफेचा वाटा हवेच्या एकंदर दाबाच्या साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेरच राहतो.

आता सोलापूरची हवा पाहा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. केवळ या उंचीमुळे येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी असतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत चढतो आणि तापलेली हवा आणखी विरळ होते. मे महिन्यातील दुपारची सोलापूरची कोरडी हवा आणि जुलैतील रत्नागिरीची ओलीचिंब हवा यांची तुलना केली, तर एका लिटरमागे रत्नागिरीच्या हवेत प्राणवायू सुमारे सात टक्क्यांनी अधिकच निघतो! म्हणजे श्वासाच्या दृष्टीने पाहता इंजिनाला कोकण मानवावयास हवे आणि सोलापूरचा उन्हाळा सोसवू नये. शिवाय विरळ हवेची तूट टर्बो अधिक वेगाने फिरून बव्हंशी भरून काढतो. बिनटर्बोच्या इंजिनाला ती सोय नाही. ज्वलनात आलेली वाफ तर कमाल तापमान थोडे उतरविते आणि त्यामुळे नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमीच तयार होतात.

मग ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार कोठून येते? तिचा एक भाग निव्वळ घाटाचा आहे. भरल्या गाडीने, ओल्या रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये समुद्रसपाटीजवळून सह्याद्रीच्या माथ्यावर चढताना कोणतेही इंजिन दमते. चालकाला चढ आणि हवा एकाच प्रवासात भेटतात, आणि दोष हवेच्या पदरी पडतो.

उरलेला भाग पाण्याचा. मराठीतील ‘सर्द’ हा शब्द येथे आठवतो. मूळ फारसीत त्याचा अर्थ थंड एवढाच; मराठीत मात्र सर्द म्हणजे ओलसर, आणि ‘सर्दावलेली’ काडेपेटी थंड नसते, ओली असते. हे अर्थांतर भौतिकशास्त्राला धरूनच झाले आहे, असे म्हणावेसे वाटते, कारण वाफेला पाण्याचे रूप येते ते थंडाव्यानेच. टर्बोने दुप्पट दाबलेली हवा सव्वाशे अंशांच्या घरात तापते. तिला निवविण्यासाठी इंटरकूलर असतो. दाब दुप्पट झाला की वाफेचा दाबही दुप्पट होतो, आणि कोकणातील पावसाळी हवेत मग ३८ अंशांच्या आसपासच दव धरू लागते. इंटरकूलरमधून निघणारी हवा बहुधा याहून गरम असते, म्हणून पाणी साचण्याचा प्रसंग क्वचित. भर पावसात, सौम्य उतारावर दीर्घकाळ धावताना थोडेबहुत दव धरते इतकेच. मोठ्या जहाजांवर ही गोष्ट नित्याची आहे. तेथे दाब कितीतरी अधिक आणि थंडावा समुद्राच्या पाण्याचा. त्यामुळे हवेतून निघालेले पाणी वेगळे काढण्याची खास योजनाच असते. समुद्रावरच्या हवेहून दमट हवा ती कोणती? तरी १९२० च्या दशकापासून जहाजांवरचे टर्बो याच हवेत अहोरात्र चालत आले आहेत.

पाणी घात करते ते आडवाटांनी. रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरते व ते डिझेलखाली बसते. आजच्या इंजिनांतील अतिसूक्ष्म भोकांच्या इंजेक्टरांना थोडे पाणीही अपायकारक असते. डिझेल-फिल्टरच्या तळाशी पाणी काढण्याचा जो लहानसा स्क्रू असतो तो पावसाळ्यात वेळोवेळी सैल करून पाहावा लागतो. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल, तर इंजिन पुरते तापत नाही, आतली वाफ तेलात उतरते आणि तेल दुधाळ होते. खाऱ्या हवेत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीत टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची तरफ गंजून अडकते, विजेच्या जोडांवर हिरवा थर चढतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा नियमांनंतर इंजिनावरील संवेदक वाढले आहेत. एका गंजलेल्या जोडामुळेही इंजिन आपण होऊन शक्ती कमी करते, आणि चालक म्हणतो, टर्बो गेला. पुराचे पाणी ही तर वेगळीच आपत्ती. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तशा प्रसंगी पाण्यात गाडी चालू ठेवली, की इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दबत नाही. दट्ट्या थांबतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हा दोष दमट हवेचा नव्हे, हे सांगावयास नको.

टर्बो प्रत्यक्ष कशाने मरतो, हे पाहिले म्हणजे बोट पुन्हा सोलापूरकडेच वळते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा त्याचा दांडा तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतो. तेल जुने झाले, कमी पडले, किंवा चढ चढून आल्याबरोबर इंजिन बंद केल्यामुळे तप्त टर्बोतच जळून त्याचा कोळसा झाला, की दांडा घासू लागतो. दुसरा शत्रू धूळ. उन्हाळ्यातील कच्च्या रस्त्यांची धूळ हवेच्या फिल्टरला चुकवून आत शिरली, तर चक्राची पाती वाळू मारल्यासारखी झिजतात. इंटरकूलरच्या रबरी नळीला चीर पडली तरी दाबलेली हवा निसटून जाते आणि लक्षणे टर्बो गेल्यासारखीच दिसतात. नळीची किंमत टर्बोच्या तुलनेत नगण्य असते.

कोरडा आणि दमट असे दोन्ही प्रदेश तुडविणाऱ्या गाडीची एक अडचण मात्र खरोखर या दोहोंच्या संयोगातून उद्भवते. सोलापुरात धुळीने भरलेला कागदी फिल्टर कोकणात सर्दावतो. धूळ आणि ओल मिळून त्यावर खपली धरते, आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. रत्नागिरीला पोहोचेपर्यंत गाडीचा ‘पिकअप’ जातो तो अशा वेळी. कोकणात उतरण्यापूर्वी फिल्टर नवा घातला, आणि परत आल्यावर तो उघडून ओल आहे की काय हे पाहिले, की अशी गाडी पूर्ववत ओढू लागते. टर्बो खोलण्याची गरज पडत नाही.