कारवी वाजेपर्यंत

जानेवारी २०२५. रविवारची सकाळ. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका उतारावर आम्ही अकरा जण कोयते आणि कुदळी घेऊन उभे होतो. समोर डोक्याच्याही वर गेलेल्या वाळक्या काटक्यांचं रान होतं. राखाडी, ठिसूळ, हिरवं पान नावालाही नाही. वनखात्याची परवानगी हातात होती आणि काम ठरलेलं होतं: उतार साफ करायचा, खड्डे मारायचे, पावसाळ्यात रोपं लावायची. मी पहिली काटकी धरली आणि मागून आवाज आला, "बाय, तिला हात नको लावू."

उद्यानातल्याच पाड्यावरच्या एक आजी मुलाचा डबा घेऊन आल्या होत्या. मुलगा वनमजूर, आमच्याबरोबर कामावर. आजींनी काटकीच्या टोकाला लागलेलं एक सुकलेलं बोंड खुडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "पाऊस पडला का वाजंल ती. तवर राहू दे."

ती कारवी होती. चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, मी ती फुललेली पाहिली होती. कारवी दर आठ वर्षांनी एकदा, सगळी एकाच हंगामात फुलते. इथे ती २०१६ मध्ये फुलली आणि नंतर २०२४ मध्ये. तेव्हा जांभळ्या उतारांसमोर मी तासभर उभी राहिले होते. फुलून झालं की कारवी मरते हे मला ऐकून ठाऊक होतं. पण मेलेली कारवी कशी दिसते हे ठाऊक नव्हतं, म्हणून तीच झाडं मला कचरा वाटली. बी त्या सुक्या बोंडातच थांबतं. पुढल्या पावसाचं पाणी लागलं की बोंड ताडकन उकलतं आणि बी दूर उडतं. त्या दिवशी आम्ही उतार तोडून नेला असता, तर पुढच्या पिढीचं बीच तिथून गेलं असतं आणि वर आम्ही त्याच जागी पिशवीतली रोपं लावली असती.

या उद्यानात मी पाच वर्षं सुटीच्या दिवशी येते आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई उपनगर आणि ठाण्याच्या मधोमध आहे. विहार आणि तुळशी हे तलाव त्याच्या पोटात आहेत. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा. दहिसर नदी तुळशीजवळून निघते, मिठी विहार आणि पवईच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून. शहराच्या इतकं जवळ असल्यामुळे इथे मदतीला येणाऱ्या हातांची कधीच वाण नसते. पण ते हात नेमके कुठे लागतात यावर सगळं ठरतं, आणि हे मला फार उशिरा कळलं.

आजींनी अडवलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट आहे. शेजारच्याच उतारावर घाणेरीची झुडपं माजली होती. आम्ही तीस-चाळीस जणांनी एप्रिल-मेमध्ये ती सरसकट काढली. वरपासून खालपर्यंत जमीन स्वच्छ झाली, आम्ही खुशीत घरी गेलो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथली माती वाहून गेली. कमरेएवढी खोल घळ पडली आणि खालच्या ओढ्याचं पाणी दोन दिवस लाल होतं. पुढे त्या उघड्या जागेत रानमोडी आली. नावातच तिचा गुण आहे: ऊन मिळालं की ती रान मोडून काढते. घाणेरीच्या जागी रानमोडी आणणं हे आमचं त्या वर्षाचं काम ठरलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घाणेरी काढायची एक रीत आहे आणि ती मी इथल्या वनमजुरांच्या हाताखाली शिकले. झुडूप वरून छाटलं तर ते दुप्पट फुटतं. जाळलं तरी फुटतं. मुळासकट उपटून काढलं तर भोवतालची सगळी माती भुसभुशीत होते आणि त्यात दबलेलं घाणेरीचंच बी वर येतं. म्हणून कुदळीने बुंध्याभोवतीची माती चार बोटं बाजूला करायची, सोटमूळ जमिनीच्या जरा खाली तोडायचं, आणि अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आकाशाकडे. तसं ठेवलं की फांद्या मातीला टेकून पुन्हा मुळं धरत नाहीत. दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडली आणि ती कॉर्बेटमध्ये वापरली गेली. पण खरी मेहनत दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी असते. बुलबुल घाणेरीची काळी फळं खातात आणि ज्या फांदीवर बसतात तिच्याखाली बी टाकतात. म्हणून पावसाळ्यात उघड्यावर शोधत न बसता मोठ्या झाडांच्या खाली वाकून बघायचं. रोप बोटभर असताना दोन बोटांनी निघतं, दोन वर्षांनी कुदळ लागते.

आता आम्ही सगळं एकदम काढत नाही. उताराला आडवे पट्टे पाडतो. एक पट्टा काढायचा, एक ठेवायचा. ठेवलेल्या पट्ट्यात पाखरं राहतात, माती अडते, सावलीही राहते. काढलेल्या पट्ट्यात काय आपोआप येतंय ते एक पावसाळा बघायचं आणि मगच लावायचं. लावायचं तेही आसपासचंच: ऐन, किंजळ, कळंब, कुंभा, मोह. मोहाचं बी पडल्यावर काही दिवसांतच पेरावं लागतं, ठेवलं की त्याचं उगवणं कमी होत जातं. पांगाऱ्याची फांदी रोवली तरी जगते. रोपवाटिकेत पिशवी फार दिवस राहिली तर आत मुळं गोल फिरतात, असं झाड लावल्यावर दोन-तीन वर्षं बरं दिसतं आणि मग एका वादळात आडवं होतं. एका संस्थेच्या कार्यक्रमात मी पाहिलं, गवताळ पठारावर दोरी धरून सरळ रांगांत अशी रोपं लावली, फलक लावला, फोटो झाले. ते पठार गवताचंच होतं, तिथे झाडांची गरज नव्हती.

काहीतरी करून टाकण्याची ही घाई झाडांपुरतीच नाही. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या कडेला बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं मेली. उपाय म्हणून पिंजरे लावायचे आणि बिबट्यांना दुसरीकडे नेऊन सोडायचं, अशी तेव्हाची रीत होती. विद्या अत्रेय यांच्या जुन्नरच्या अभ्यासातून पुढे आलं की हलवलेला बिबट्या नव्या जागी अधिक बिथरतो आणि संघर्ष वाढतो. २०११ मध्ये तेव्हाचे उद्यानप्रमुख सुनील लिमये यांच्या पुढाकाराने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' सुरू झालं: वस्त्यांत जाऊन कचऱ्याबद्दल, भटक्या कुत्र्यांबद्दल, रात्री मुलांना एकटं न पाठवण्याबद्दल बोलायचं. पिंजऱ्याची मागणी आली तर आधी लोकांशी बोलायचं. २०१५ मध्ये निकित सुर्वे यांनी कॅमेरे लावून गणना केली तेव्हा इथे ३५ बिबटे नोंदले गेले. इथल्या पाड्यांवरच्या वारल्यांना वाघोबासोबत राहणं नवं नव्हतंच. त्यांच्या पाड्यांजवळ त्याची ठाणी आहेत. शहर त्यांच्याकडून शिकायला लागलं, मात्र तसं कुठे लिहिलं गेलं नाही.

आणि ज्यांच्याकडून शिकायचं त्यांनाच या जंगलात कमी हक्क आहे. आजींचं घर पूर्वी कुडाचं होतं: कारवीच्या काटक्या विणून वर शेणामातीचा गिलावा. राष्ट्रीय उद्यानात काटकी तोडणं कायद्याने गुन्हा, त्यामुळे आता भिंतीला पत्रा आहे. उन्हाळ्यात दुपारी त्या घरात बसवत नाही. मरून उभी असलेली कारवी बी पडून गेल्यावर तशीच कुजते आहे आणि तिचा उपयोग ठाऊक असलेलं माणूस पत्र्याखाली घाम पुसतं आहे. पाडे राहणार की हलवले जाणार, हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. उद्यानाच्या आराखड्याच्या बैठकीत पाड्यावरचं कोणी नसेल, तर तो आराखडा मला अपुरा वाटतो. कारवी कधी वाजते हे त्यात कोण सांगणार?

आधी बघायचं कसं, हे उद्यानातच दिसतं: कान्हेरीला गेलात तर लेण्यांच्या दाराशी बघा. कातळाच्या उतारावरून येणारं पाणी बारीक खोदलेल्या नाळीने टाक्यात उतरवलं आहे. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलं आहे. ज्यांनी ते केलं त्यांनी आधी काही पावसाळे नुसतं पाणी कसं धावतं ते पाहिलं असलं पाहिजे, असं मला त्या नाळींवर बोट फिरवताना नेहमी वाटतं.

आजींनी कारवी राखायला लावली त्या वर्षी पाऊस मेच्या अखेरीसच आला. निरोप मिळाल्यावर मी सकाळच्या गाडीने बोरिवलीला पोचले. उतारावर रिमझिम चालू होती. आधी वाटलं पानांवरचे थेंब. मग कळलं, उतारावर पानंच नव्हती. वाळकं लाकूड चुलीत तडकतं तसा आवाज, इथे एक, तिथे चार, मग सगळीकडून. गालावर काहीतरी बारीक येऊन लागलं. आजी पदर डोक्यावर घेऊन वाटेवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बोलल्या काहीच नाहीत. मी शेजारी जाऊन बसले. खालच्या ओढ्याचं पाणी गढूळ होतं, पण लाल नव्हतं. उभ्या काटक्यांच्या बुंध्यांशी पालापाचोळा अडकून छोटे छोटे बांध झाले होते.

जुलैत आम्ही तिथे खड्डे मारले नाहीत. उताराच्या वरच्या कडेला वाट बंद करणारी दोरी बांधली आणि चवड्यांवर बसून रानमोडीची पिलं वेचत राहिलो. कारवीचं रोप आणि रानमोडीचं रोप त्या वयात फसवतं: दोघांची पानं समोरासमोर, दोघांच्या कडा दातेरी. पाड्यावरची, चौथीत शिकणारी आजींची नात माझ्या पुढे सरकत होती. मी दोन रोपांवर अडले तेव्हा तिने माझं बोट धरून एका पानावर घासलं. खरखरीत. "ही कारवी." मग दुसऱ्याचं पान चुरडून माझ्या नाकाशी धरलं. उग्र वास. "ही काढा, मावशी." कारवी पुढच्या वेळी फुलेल तेव्हा, २०३२ मध्ये, ती कॉलेजात असेल. मी ते रोप दोन बोटांनी काढलं आणि पुढचं पान घासून पाहिलं.