यंत्र बांधकामावर का रुळत नाही?

१९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात यंत्रमानव कामाला लागला. त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. मग घराच्या विटा अजून हातानेच का रचल्या जातात, असे आम्हांला पुष्कळदा विचारण्यात येते. विचारणारे गृहस्थ बहुधा उत्तरही स्वतःच देतात : ‘तुमचे कामगार आडवे येतात.’ हे उत्तर कितपत खरे आहे ते पाहू.

पहिली अडचण कामाच्या स्वरूपातच आहे. कारखान्यात यंत्र जागेवर उभे असते आणि माल त्याच्यापुढे सरकत येतो. बांधकामावर नेमके उलटे. इमारत जागेवर, आणि यंत्राने मजलोमजली हिंडायचे. पायांखाली खडी, डोक्यावर ऊन-पाऊस, आणि काल जिथे वाट होती तिथे आज भिंत. अमेरिकेत ‘सॅम’ नावाचे वीट रचणारे यंत्र निघाले. ते विटेला माल लावून ती ओळीत बसवते. पण कोपरे साधायला आणि दरजा घोटायला गवंडी शेजारी लागतोच.

दुसरी अडचण पैशाची. जपानात १९८०नंतरच्या दशकात बांधकामाला तरुण मिळेनासे झाले. काम कष्टाचे, घाणीचे आणि धोक्याचे म्हणून ते टाळू लागले. तेव्हा शिमिझू कंपनीने १९८३च्या सुमारास लोखंडी तुळयांवर अग्निरोधक लेप फवारणारा यंत्रमानव केला. पुढे १९९०नंतर शिमिझू व ओबायाशी या कंपन्यांनी इमारतीच्या माथ्यावर जणू कारखानाच उभारला. मजला पुरा झाला की तो वर सरके. काही इमारती अशा उभ्याही राहिल्या; परंतु खर्च अफाट. तेजी ओसरली, कामे घटली, आणि ही पद्धत सर्वत्र पसरली नाही.

तिसरी अडचण आपल्या अगदी ओळखीची. मालक, बिल्डर, कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि शेवटी मुकादम, अशी ही उतरंड. यात यंत्र घ्यायचे कोणी? पोटकंत्राटदाराला पुढचे काम मिळेल की नाही याचाच भरवसा नसतो. यंत्राचे हप्ते पावसाळ्यातही भरावे लागतात. नाक्यावरच्या बिगाऱ्याला मात्र संध्याकाळी रोज दिला की हिशेब संपला. त्याच्या रिकाम्या दिवसाचा खर्च त्याचे बायकामुले सोसतात. माणूस इतका स्वस्त ठेवला, म्हणूनच यंत्र महाग वाटते!

मग कामगाराला यंत्राची भीती नाही काय? आहे, आणि ती अनुभवाची आहे. तयार काँक्रीट गाडीतून येऊन पंपाने वर चढू लागले, तेव्हा डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायांचा रोज गेला. त्यांच्या मानेवरचे ओझे उतरले याचा आनंद आम्हांलाही आहे. पण पंपावर बसायला त्यांना कोणी शिकवले नाही.

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला आणि त्यांच्या कल्याणाकरिता बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला. त्या पैशातून, यंत्र येण्याआधीच, गवंड्याला आणि बिगारी बाईला ते चालवायला शिकवा, एवढेच आमचे मागणे आहे. उंच परातीवरून माणूस पडण्यापेक्षा यंत्र पडलेले कोणाला नको आहे? पण परातीवरून खाली उतरलेल्या माणसाच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल पेटली पाहिजे.