बारामती-इंदापूरच्या माळावर काय पाहाल?

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा कोरडा गवताळ पट्टा. चौफुला-मोरगाव रस्त्यावरच्या सुपे गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. इथला मान चिंकाऱ्याचा. सकाळी लवकर पोहोचा, कारण ऊन चढलं की कळप बाभळीच्या सावलीत बसतो आणि मातीच्या रंगात मिसळून जातो. आधी दिसते ती सतत हलणारी काळी शेपटी. मादीलाही शिंगं असतात, पण बारीक.

इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी हे लांडगा, तरस आणि खोकडाचं रान. त्यांचं दर्शन नशिबावर. पाणवठ्यावर मात्र पखुर्ड्यांची वाट जरूर पाहा. नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि दूर माळावरच्या पिलांना तेच पाणी नेऊन पाजतो. दुर्बीण न्यायचीच, ती यासाठी! हिवाळ्यात इथं भोवत्या हे शिकारी पक्षी उतरतात. दिवसभर गवताच्या अगदी जवळून उडत ते टोळ टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. अशा माळाला पडीक समजून त्यावर झाडं लावणं म्हणजे या सगळ्यांचं घर मोडणं.

चंडोल, धाविक यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, म्हणून गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. पायांत बूट हवेत. कुसळं मोज्यांतून थेट कातडीपर्यंत शिरतात. वेळ उरला तर भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहता येतात. त्यासाठी कुंभारगावाहून होड्या सुटतात.