शिशाच्या बॅटरीचें आयुष्य
ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेच्या महापुरांत कोल्हापूरच्या अनेक भागांतील वीज गेली. अशा वेळीं मंगळवार पेठेंतल्या घरांना आधार इन्व्हर्टरचा. पण रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवरील लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होतात व ती वीज साठवीनाशी होते. लगेच नवी घेण्याची घाई मात्र करूं नये. १५० अँपिअर-तासांची बॅटरी एरवीं १५ अँपिअरनें भरतात. पडून राहिलेलीस त्याहून बराच कमी प्रवाह दीर्घकाळ द्यावा. द्रावाचें विशिष्ट गुरुत्व १.२४ ते १.२६ पर्यंत चढलें, कीं ती सांवरली. एखादा कप्पा मागेंच राहिला, तर हट्ट व्यर्थ. पाणी घालावें तें डिस्टिल्डच. आम्ल कदापि नव्हे. भरतांना हायड्रोजन निघतो, म्हणून देवघरांतील समईहि दूर असावी.