माइल्स डेव्हिस : सूर बदलले, स्वाभिमान नाही

आवडत्या कलावंताने आपली वाट बदलली की जुन्या रसिकाच्या मनाला चुटपुट लागते. भीमजयंतीच्या कार्यक्रमात गायकाने नवे गाणे धरले, तर मागच्या रांगेतून जुन्या गाण्याची फर्माईश आलीच म्हणून समजा! अमेरिकेतील कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या चाहत्यांना हा अनुभव अनेकदा आला. आम्हीही त्या चाहत्यांपैकीच.

जॅझ हे गुलामांच्या वंशजांनी घडविलेले संगीत. आपल्या मिरवणुकीतल्या बँडमध्ये जो पितळी ट्रम्पेट असतो, तोच माइल्स यांच्या हाती होता. जन्म २६ मे १९२६ चा. वडील दंतवैद्य, घरची स्थिती चांगली. पण शिक्षण आणि पैसा आला म्हणून वर्णभेद सुटतो थोडाच?

ऑगस्ट १९५९ मध्ये त्यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी निघाली. मोजके स्वर आणि दोन स्वरांमध्ये भरपूर शांतता. दिवसभराचे काम आटोपून, वस्ती झोपल्यावर ऐकावी अशी. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड' क्लबबाहेर ते उभे असताना पोलिसाने त्यांना तेथून हलण्यास फर्माविले. क्लबच्या फलकावर त्यांचेच नाव झळकत होते! ते हलले नाहीत. पोलिसांनी त्यांचे डोके फोडले, वर अटकही केली. या अपमानाचा अर्थ आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. पुढे १९६१ च्या एका तबकडीच्या वेष्टनावर त्यांनी आपल्या कृष्णवर्णीय पत्नीचे छायाचित्र आग्रहाने छापून घेतले.

मग १९७० साली 'बिचेस ब्रू' आली. विजेवरचे पियानो, विजेवरची गिटार, ढोलांचा गदारोळ. १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये तर बादल रॉय यांचा तबलाही होता. जुने चाहते संतापले. माइल्स पैशासाठी विकले गेले, असेही बोलले गेले. माइल्स यांची ओढ मात्र वेगळी होती. कृष्णवर्णीय तरुण पोरे जॅझपासून दूर गेली होती. त्यांच्यापर्यंत त्यांना पोहोचायचे होते. म्हणूनच वेष्टनावरही काळ्या वस्तीतल्या रस्त्यावरची माणसे रेखाटलेली होती.

खरे सांगायचे तर आमचा जीव आजही 'काइंड ऑफ ब्लू'मध्येच रमतो. नवे माइल्स ऐकताना आपले माणूस दुरावल्यासारखे वाटते. पण विचार केला की एक गोष्ट ध्यानात येते. पोलीस म्हणाला 'हल', तेव्हा ते हलले नाहीत. चाहते म्हणाले 'हलू नका', तेव्हा ते थांबले नाहीत. दोन्ही वेळा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. ज्या समाजाला शतकानुशतके 'तुझी जागा ही' असे सांगितले गेले, त्या समाजातल्या कलावंताला प्रेमापोटीसुद्धा एका जागी बांधून ठेवण्याचा हक्क आम्हाला कसा असेल?

जुलै १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रू येथे माइल्स यांनी क्विन्सी जोन्स यांच्यासोबत आपले जुने संगीत पुन्हा वाजविले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

तथागतांनी अनित्यता शिकविली. ती कलेलाही लागू आहे. आपल्या घरातली मुले उद्या भीमगीत नव्या चालीवर, नव्या वाद्यांवर म्हणू लागली, तर वडीलधाऱ्यांनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. एकदा शेवटपर्यंत ऐकावे. जुनी कॅसेट तर कपाटात आहेच!